पाचवा गिअर

गाडी चालवताना सूनबाईला दोन गोष्टींची धास्ती वाटायची. एक म्हणजे चढावर सिग्नल लागण्याची आणि दुसरी म्हणजे शेजारी सासरे बसण्याची. चढावर गाडी बंद पडली तर मागचे लोक हॉर्न वाजवून मोकळे होतात. सासरे अवाक्षर काढत नसत. नुसता खिडकीवरचा दांडा घट्ट धरून बसत, आणि तेच तिला जास्त लागायचं. त्यांनी उभा जन्म ट्रक हाकलेला. निवृत्त होऊन जमाना झाला तरी सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायची, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

गाडी तिच्या थोरल्या भावाने, दादाने, आपल्या गॅरेजातून पारखून दिली होती. लहानसं टर्बो डिझेल इंजिन. त्याच्याबद्दल दादा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. इंजिन जेमतेम तेराशे सीसीचं, पण दम मोठ्या गाडीचा. टर्बो म्हणजे मुठीत मावेल एवढा पंखा, पण मिनिटाला लाखावर फेरे घेतो, म्हणून त्याला ऑइल स्वच्छ लागतं आणि मापात लागतं. सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आहे, ती जळून साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते. सूनबाई मान डोलवायची. मुलीची शाळा, तिथून आपल्या नोकरीची रक्ततपासणीची लॅब आणि परत घर, एवढीच तिची धाव. नवरा कामासाठी परगावी. ती गाडी लांब पळवणार कधी आणि कुठे?

एकदा जेवणं झाल्यावर दादाने तिची गंमत करायला म्हणून सांगितलं होतं की डिझेल इंजिन बिथरलं तर किल्ली काढली तरी थांबत नाही, स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटतं. मग करायचं काय, असं तिने हसत विचारलं.

"ब्रेक गच्च दाबायचा, सगळ्यात वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून द्यायचा," दादा म्हणाला. "खालचा टाकलास तर गाडी उडी मारेल. वरच्या गिअरला चाकात जोर कमी असतो, तिथे इंजिन गुदमरतं."

तिने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. निदान तिला तसं वाटलं.

ऑइल बघायची पट्टी मात्र ती न चुकता दर रविवारी बाहेर काढायची. पट्टीवर खालची खूण, वरची खूण, ऑइल त्यांच्या मधे असलं की झालं. इथे तर ते दर रविवारी थोडं वरच सरकलेलं दिसायचं. कमी होत नाही म्हणजे उत्तमच, असा तिने सरळ हिशोब केला, आणि आपलं इंजिन थेंबभरसुद्धा ऑइल पीत नाही असं सासऱ्यांना कौतुकाने सांगितलं. ते चहाच्या कपात बघून गालातल्या गालात हसले. हसणारच. रोज सकाळी घर जागं व्हायच्या आत ते कॅन घेऊन खाली उतरत आणि घोटभर ऑइल इंजिनात ओतून येत. त्यांचे ट्रक ऑइल प्यायचे, आणि सकाळी त्यांना पाजल्याशिवाय ते कधी निघाले नव्हते. या गाडीतून तर सून आणि नात जायची. सांगायचं कशाला, सून उगाच नको म्हणाली असती.

त्या दिवशी सासऱ्यांना डोळे तपासायला जायचं होतं. लेकीला, चिंगीला, शाळेत सोडून पुढे जाऊ असं ठरलं. सासरे पुढे बसले, दांडा धरला. चिंगी मागे, पहिलीतली, दप्तर मांडीवर घेऊन. उड्डाणपुलाचा चढ गाडीने इतक्या झोकात घेतला की सूनबाईलाच नवल वाटलं. पुलाच्या माथ्यावर तिने एक्सिलरेटरवरून पाय काढला. गाडीचा वेग कमी होईना.

आधी तिला वाटलं, पायाखालची चटई अडकली असेल. तिने खाली पाहिलं. चटई जागेवर होती, तिचा पाय हवेत होता आणि इंजिनाचा आवाज चढत होता. ब्रेक दाबत, कशीबशी उतार संपेपर्यंत गाडी आणून तिने पुलाखालच्या बसथांब्यापाशी कडेला घेतली, क्लच दाबला आणि गिअर काढला. चूक तिथे झाली. ओझं सुटताच इंजिन असं किंचाळलं की थांब्यावरची माणसं मागे सरली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात जाऊन टेकला. मागून पांढरट निळा धूर उसळला आणि आरशातला रस्ता दिसेनासा झाला.

तिने किल्ली फिरवली. समोरचे सगळे दिवे विझले. इंजिन चालूच. तिने किल्ली उपसून हातात घेतली, आणि किल्ली हातात असतानाही गाडी केकाटतच होती. आपण किल्ली काढल्यावर जे थांबत नाही त्याला आपण गाडी म्हणत आलो, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं. मागे चिंगी रडत होती. मागचं दार आतून उघडू नये म्हणून तिनेच कुलूप लावून ठेवलं होतं.

"बाबा, चिंगीला काढा!"

सासरे उतरले. उतरता उतरता सवयीने त्यांनी पायाजवळचा बॉनेटचा खटका ओढला. मागचं दार उघडलं, धूर आत आला, चिंगीचं दप्तर दारात अडकलं आणि सुटलं. दोघं धुरात नाहीशी झाली. पोर फूटपाथवर पोहोचली, सूनबाईला वाटलं, आणि तेवढ्यापुरता तिला श्वास आला.

मग सासरे एकटेच धुरातून पुढे आले आणि गाडीसमोर उभे राहिले. त्यांनी बॉनेट उचललं.

ते काय करणार हे तिला लख्ख कळलं. ट्रक बंद होईना की ते हाताने डिझेलची नळी ओढायचे, शंभरदा सांगितलेला किस्सा. पण हे इंजिन डिझेलवर चालतच नव्हतं. दादाचं बोलणं आता शब्द न् शब्द आठवलं. ते आपलंच ऑइल पीत होतं, आणि ते संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत थांबणार नव्हतं, आणि म्हाताऱ्याचं डोकं त्याच्यावर वाकलेलं होतं. तिने हॉर्न दाबला. किल्लीबरोबर तोही मुका झाला होता. ती घसा फोडून ओरडली, पण ट्रकने आधीच अर्धे केलेल्या त्या कानांना या कल्लोळात काय ऐकू जाणार? समोर नुसता पत्रा. पत्र्याच्या खालच्या फटीतून त्यांच्या करड्या स्वेटरची एक पट्टी दिसत होती.

क्लच दाबलेला, ब्रेक दाबलेला, हँडब्रेक ओढलेला. हात गिअरवर. उजवीकडे नेऊन वर ढकललं की पाचवा, खाली ओढलं की रिव्हर्स.

हात खाली जाऊ पाहत होता. रिव्हर्स टाकला आणि ब्रेक सुटला तर गाडी मागे जाईल, सासऱ्यांपासून दूर. पाचवा टाकला आणि ब्रेक सुटला तर गाडी त्यांच्या अंगावर. एवढा साधा विचार, आणि त्याला नाही म्हणायला तिच्याकडे फक्त दादाचं एक वाक्य होतं. खालचा टाकलास तर उडी मारेल. रिव्हर्स खालच्यातलाच. पण पुढे माणूस होता. तिचा डावा पाय क्लचवर लटलट कापत होता, आणि तो आपोआपच सुटेल या भीतीने ती अर्धमेली झाली होती. स्वेटरची पट्टी आणखी खाली वाकली.

तिने गिअर वर ढकलला. सगळं अंग ब्रेकवर टाकलं, डोळे मिटले आणि क्लच सोडला.

गाडी थरथरली, मुसंडी मारून वीतभर पुढे सरकली, काहीतरी मऊ लागलं, आणि इंजिन गचका खाऊन मेलं. त्यानंतरची शांतता आवाजापेक्षा भयंकर होती. तिला डोळे उघडवेनात. मग पत्र्यावर थाप पडली. बॉनेट खाली आलं, आणि पलीकडे सासरे उभे होते, दोन्ही हातांनी गुडघे धरून, चेहरा पांढराफटक.

दादा टोइंगवाल्याला घेऊन आला. त्याने पट्टी काढली, बोटावर थेंब घेतला आणि नाकाशी नेला. लांब न पळवल्यामुळे काजळी जाळायला सोडलेलं डिझेल न जळता खाली ऑइलात उतरत होतं, म्हणून पातळी वाढत होती, असं त्याने सांगितलं. पण त्या हिशोबापेक्षाही हे फार जास्त होतं. इतकं की उसळून टर्बोवाटे इंजिनाच्या तोंडात गेलं. वरून कोणी ओतलं का, असं त्याने विचारलं.

"मी," सासरे म्हणाले. "रोज."

दादा त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता, आणि आजही त्याला ते जमलं नाही. तो टोइंगच्या हुकाकडे वळला.

तिघं थांब्याच्या बाकावर बसली. चिंगी आजोबांना चिकटून. सासऱ्यांची विजार गुडघ्यावर फाटली होती, आत खरचटलं होतं. त्यांनी फाटलेलं कापड गुडघ्यावर ओढून घेतलं आणि विचारलं,

"तू क्लच सोडलास तेव्हा मी पुढे आहे, हे ठाऊक होतं?"

खोटं बोलायला तिच्यात त्राण नव्हतं. "हो, बाबा."

"रिव्हर्स होता की."

"होता." त्यांच्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. "हात तिकडेच चालला होता."

त्यांनी मान हलवली. त्यांना लागलं होतं, गुडघ्यापेक्षा खोल, आणि ते लपवायचं त्यांना जमत नव्हतं. ती समजावून सांगायला शब्द शोधत होती. शब्द शोधताना तिचं लक्ष चिंगीकडे गेलं. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर पुढून काळे शिंतोडेच शिंतोडे होते, हनुवटीवर, कपाळावर काजळी. पाठ मात्र स्वच्छ, इस्त्रीची घडी तशीच.

"तू कुठे उभी होतीस गं?" तिने विचारलं.

"गाडीच्या मागे," चिंगी म्हणाली. "आजोबा म्हणाले, फुटलं तर पुढे फुटेल, मागे काही होत नाही. डिकीला हात लावून उभी राहा, अजिबात हलू नकोस. मी नाही हलले."

सासऱ्यांचा हात चिंगीच्या डोक्यावरच थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग तिच्या डाव्या हाताकडे, जो रिव्हर्सकडे जाता जाता वर वळला होता. सूनबाईने मुलीला ओढून मांडीवर घेतलं, आणि तिच्या कपाळावरची काजळी पुसू लागली.