वजनाचा झोका

सोमशेखर सर गेले आणि महिन्याभरात त्यांची शिकवणीची खोली शिलाईवाल्यांना भाड्यानं द्यायचं ठरलं. खोलीत मधोमध लोंबणारं वजन त्यांना नको होतं. ते उतरवायला त्या दुपारी केरबा सुतार शिडी घेऊन मंगळवार पेठेतल्या घरी आला. सरांची लेक पवित्राही जयसिंगपूरहून एसटीनं आली.

वडील, म्हणजे अप्पा, गेले तेव्हाही ती अशीच एसटीत होती. पोचली तोवर त्यांचं बोलणं संपलेलं होतं. शेजारच्या धोंडुबाईंनी नंतर विचारलं, कावळा शिवला का? आई शांतव्वानं सांगितलं, आम्हा लिंगायतांत पिंड नसतो, कावळाही नसतो. माणूस शिवाला मिळाला की मिळाला. पवित्राला धोंडुबाईंचा हेवा वाटला होता. मागं काही राहिलं का, एवढं त्यांना निदान विचारता तरी येत होतं.

वजन म्हणजे आजोबांच्या दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप, तुळईच्या कडीला दोरानं टांगलेलं. ऊर्जा शिकवायची म्हटलं की अप्पा एका पोराला भिंतीला टेकवून उभं करायचे, वजन त्याच्या नाकाशी आणायचे आणि सोडायला लावायचे. वजन पलीकडं जाई, परत नाकावर चालून येई आणि बोटभर अलीकडंच थांबे. तोवर पोरानं डोळे गच्च मिटलेले असत.

"उंचीवरनं मिळालं तेवढंच बळ," अप्पा म्हणत. "त्यातनं हवा आपला वाटा घेती. जास्त कुठनं येणार? आलंच, तर समजायचं, कुणीतरी ढकललंय. काम केलंय."

धसमुसळी पोरं सोडताना हमखास ढकलायची आणि मग नाक चोळत बसायची.

केरबा शिडी लावायला लागला तशी पवित्रा म्हणाली, एकदाच सोडून बघते. तिनं डोकं भिंतीला टेकवलं, वजन नाकाशी आणलं आणि नुसती बोटं उघडली. लाईट गेलेली होती, पंखा बंद होता.

वजन गेलं, आलं आणि तिच्या नाकाच्या शेंड्याला टेकलं. लागलं नाही. लहान मुलाच्या नाकाला बोट लावावं तसं टेकलं आणि परत फिरलं.

ती बाजूला सरकली. थांबलं की काढू, असं तिनं केरबाला सांगितलं. तो उंबऱ्यावर तंबाखू मळत बसला. वजन जात राहिलं, येत राहिलं. चहा पिऊन झाला, दारातलं ऊन भिंतीवर चढलं, तरी झोका लहान होईना.

"ताई, वारं बी न्हाय की," केरबा हळू आवाजात म्हणाला आणि शिडी तिथंच टाकून अंगणात गेला.

पवित्रा हलली नाही. विचारायचं खूप होतं, पण तोंड उघडलं तर झोका मोडेल असं तिला वाटत होतं.

काय चाललंय ते बघायला शांतव्वा आत आली. तिनं वजनाकडं पाहिलं आणि नवऱ्यासमोर घ्यायची तसा डोक्यावर पदर घेतला. मग कानडीत म्हणाली, "साकु री." पुरे करा आता.

वजन मधोमध आलं आणि तिथंच उभं राहिलं.

"अव्वा, थांबवलंस कशाला?" पवित्राचा आवाज चिरकला. "मला अजून..."

"किती वेळ ढकलायला लावतीस त्यांना?" शांतव्वा म्हणाली. "दमलं असतील."

आणि तिनं केरबाला हाक मारली.