मामांनी गुंडाळलेली कॉइल

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे. जाड तांब्याच्या तारेची, ओंजळीत मावेल एवढी. दिसायला मी काही खास नाही, पण मी ताऱ्यांच्या घरचं काम केलेलं आहे, म्हणून थोडा तोरा आहेच!

तरुण तारा मोठा खादाड असतो. त्याच्याभोवती वायूची चकती फिरत असते आणि तो तिच्यातला वायू ओढून घेत राहतो. पण ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र त्या वायूला वाटेल तिथे पडू देत नाही. आपल्या वाटेने नेऊन ते त्याला ध्रुवांजवळ आदळवतं. इतक्या लांबचं नीट कसं बघणार? म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक ताईंनी तोच प्रकार एका पोलादी पिंपात घडवायचं ठरवलं. लेझरचा झोत प्लास्टिकच्या तुकड्यावर पडला की तापलेल्या वायूचा फवारा उडायचा. वीज सोडली की मी चुंबक व्हायचे आणि त्याला खांबासारखं सरळ धरून समोरच्या पट्टीवर, म्हणजे आमच्या खोट्या ताऱ्यावर, न्यायचे. मी नसले की तो सैरावैरा पसरायचा.

मला गुंडाळलं ते मामांनी. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. प्रत्येक प्रयोगानंतर ते माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "शाबास गं बाई!" मला ते फार आवडायचं.

आणि तीच माया एक दिवस मामांच्या जिवावर बेतली. विजेचा साठा पुरता भरला, ताईंनी बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. वीज सुटलीच नाही. ती पिंपाबाहेर काढलेल्या माझ्या टोकांशी दबा धरून बसली. अशा वेळी आधी लांब दांडा लावून ती जमिनीत उतरवायची, हा नियम सगळ्यांना मामांनीच शिकवला होता. पण मला काही झालं की काय, या काळजीने ते पिंपाभोवतीच्या जाळीचं दार उघडून तडक आत आले.

"मामा, दांडा! आधी दांडा!" ताई ओरडल्या.

पिंपातली हवा ओढणाऱ्या पंपाच्या घरघरीत मामांना काही ऐकूच गेलं नाही. त्यांचा हात माझ्या टोकांकडे येत होता. मला ओरडायला तोंड नाही, मागे सरायला पाय नाहीत. ज्या हातांनी मला घडवलं, त्यांचाच घात माझ्याकडून होणार होता. मला काळीज असतं तर त्याचं पाणी पाणी झालं असतं. वीतभर अंतर उरलं.

तेवढ्यात ताईंनी पायातली चप्पल काढून भिरकावली. ती फाडकन मामांच्या पाठीत बसली.

"काय गं हे!" मामा चिडून वळले.

ताईंनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. दांडा खुंटीवरच होता. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दांडा घेऊन माझ्या टोकाला टेकवला. काडकन ठिणगी उडाली. मामा तिथेच फरशीवर बसले.

"कॉइल दुसरी करता येते हो, मामा!" ताई रडत म्हणाल्या.

ते मला लागलं, पण त्यात खोटं काय होतं?

मित्रांनो, आम्हाला जपा, असं जुन्या वस्तू नेहमी सांगतात. मी सांगेन, आधी आपला जीव जपा. माया करायची तर दांडा लावून मग करा. पुढे मला तडा गेला आणि माझ्या जागी नवी कॉइल आली. तीही मामांनीच गुंडाळली.