कठड्यातला पिंपळ

दसरा झाला, ऊन तापू लागलं आणि अनंतरावांनी धोंडिबा गवंड्याला गच्चीवर आणलं. पावसाळाभर वरच्या खोलीचं छत ठिबकत होतं. दिवाळीआधी भेगा भरून घ्यायच्या होत्या.

धोंडिबाने हातोडीने गच्चीभर टकटक केली. पुढच्या कठड्यापाशी आवाज पोकळ आला. तिथे विटांच्या फटीतून हातभर पिंपळ उगवला होता. तांबूस, कोवळी पानं. वारा नसतानाही हलणारी.

"कठडा सुटलाय, सायेब. मुळं आत शिरल्यात. ह्ये आधी काढाया हवं."

"त्याला हात लावायचा नाही." सत्यशीलाबाई जिन्यातूनच म्हणाल्या. हातात पाण्याचा तांब्या होता.

"बरं, मग पार बांधून घेऊ," अनंतराव म्हणाले. "संध्याकाळी गच्चीवर ग्रामसभा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रोजच्यासारखं मुळाशी पाणी घातलं.

दोन वर्षांपूर्वी दोघांची लेक अपेक्षा खराडीच्या ऑफिसातून स्कूटरवर निघाली, ती घरी पोचलीच नाही. अठ्ठावीस वर्षांची, एकुलती एक. पुढच्या पितृपक्षात बाईंनी याच कठड्यावर तिचं पान मांडलं. कावळा आला, नेमका या फटीशी बसून जेवला. बाईंच्या ओठांवर आपसूक आलं:

काऊ काऊ काळ्या, हळू ठेव पाय,
लेकीच्या पानाशी बसली तिची माय.

यंदाच्या पावसात तिथेच कोंब फुटला. कोण आलंय हे बाईंना कुणी सांगावं लागलं नाही.

"बाई, मी बी पिंपळावर उगाच हत्यार चालवत न्हाई," धोंडिबा म्हणाला. "हात जोडतो, मगच काढतो. पण खाली बघा की."

खाली कठड्याच्या सावलीत शाळेची व्हॅन थांबली होती. पोरं दप्तरं ओढत उतरत होती.

"मग वरून छाटा."

"मूळ ऱ्हायलं की पुन्ना फुटतंय. भिंत फोडूनच ऱ्हातंय."

"व्हॅनवाल्याला पलीकडे थांबायला सांगू."

अनंतरावांनी धोंडिबाला चहा प्यायला खाली पाठवलं आणि ते पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसले.

"दहाव्याला तू घाटावर नव्हतीस."

"तुम्ही नेलं नाहीत."

"कावळा शिवेना गं. तास गेला. दादा म्हणाला, तिच्या आईला सांभाळीन म्हण. म्हटलं. तिचे पैसे गरजू मुलींना देईन म्हण. तेही म्हटलं. कावळे नुसते बघत बसले झाडावरून." त्यांनी चष्मा काढला. "मग आठवलं, दर दसऱ्याला ती काय म्हणायची."

बाईंना आठवलं. झेंडूची तोरणं ओवता ओवता म्हणायची, बाबा, पुढचा कठडा हलतोय, एखाद्या लेकराच्या डोक्यात पडेल. आणि हे म्हणायचे, दिवाळीनंतर बघू.

"मी म्हटलं, अपू, कठडा बांधतो. तेवढ्यात एक उतरला."

"आणि दोन वर्षं गप्प बसलात?"

"पहिल्या वर्षी गच्चीवर पाय ठेववेना. यंदा आलो, तर तू पाणी घालत होतीस."

बाई कठड्यापाशी गेल्या. मग तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी मुळाशी ओतलं, पदर खोचला, हात जोडले.

"अहो, धोंडिबांना हाक मारू नका. मी काढते."

लेकीची वेणी घालताना केस धरायच्या, तसं त्यांनी रोप बुडाशी मुठीत धरलं. हळूहळू हलवलं. एक वीट सरकली, माती सुटली आणि रोप हातात आलं. अर्धंच. धाग्यासारखी पांढरी मुळं तुटून भिंतीत राहिली होती. हातातलं बाईंनी पदरात घेतलं.

धोंडिबा वर आला. छिन्नी घेऊन फटीशी बसला.

"आत लई खोल ग्येलंय, बाई."

"विटा काढा लागतील तेवढ्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "नीट बघून काढा. काही म्हणजे काही ठेवू नका."

वारा नव्हता. त्यांच्या पदरातली पानं हलत होती.