ओल्या रंगावरचा तंतू

जफरने हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी मोज्यासारखी चढवली, डोळे मिटले आणि गाडीच्या बोनेटवरून हात फिरवायला सुरुवात केली. उघड्या बोटांना जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. धुळीचा कण, डांबराचा वाळलेला शिंतोडा, सगळं खरखरून आपला पत्ता सांगतं. बोनेट बरं होतं. उजवी बाजूही बरी होती. डाव्या फेंडरवर, चाकाच्या कमानीपासून चार बोटं वर, त्याचा हात अडला. तिथे जेमतेम एक उंचवटा होता, पण तो खरखरत नव्हता. तो वर नव्हताच, रंगाच्या आत होता.

त्याने डोळे उघडले. गडद निळ्या रंगावर, वरच्या पारदर्शक थराखाली, नखाएवढा एक पांढरा तंतू अडकून बसला होता. एका टोकाला किंचित वाकलेला. जफरने पिशवी हातातून काढली आणि उगीचच तिची घडी घालत बसला.

"काय झालं, चाचा?" रजतने विचारलं.

"काई नाई बेटा. कचरा हाये जरासा."

रजत सव्वीस वर्षांचा, विजेच्या ऑफिसात लागून दोन वर्षं झालेला. बारा दिवसांपूर्वी त्याने अमरावतीहून ही जुनी गाडी घेतली होती आणि तेव्हापासून फोनवर गाड्या चमकवायचे व्हिडिओ बघून बघून तो इतका तयार झाला होता की जफरला दोन गोष्टी त्यानेच शिकवाव्यात. घरात सायकलीनंतर एकदम चारचाकीच आली होती. त्याचं हे वेड समजण्यासारखं होतं.

"मंग वॅक्स का सीलंट?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"वॅक्स म्हंजे तेल लावून केस इचरल्यावानी. चमक लय गोड येते, पर आपल्या इकडच्या उन्हात दोन महिने. मे महिन्यात तर गाडी सावलीत असली तरी पानी पानी होते त्याचं. सीलंट काचेवानी. साल-दीड साल हलत नाई."

"मंग सीलंटच मारा. आन् हे पांढरं काय हाये ते काढून टाका अगुदर. फोटोत दिसून राह्यलं."

"काढतो," जफर म्हणाला. आवाज आपलाच आहे की नाही, अशी त्याला शंका आली.

काढणं अवघड नव्हतं. दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवायचा, साबणाच्या पाण्यावर हलक्या हाताने घासायचा, मग कंपाउंड, मग पॉलिश, मग सीलंट. अर्ध्या तासाचं काम. तंतू गेला की त्या फेंडरवर जफरची सही उरणार नव्हती. तो तंतू म्हणजे त्याचीच सही होती. जगात दुसऱ्या कुणाला ती ओळखू येणार नव्हती, पण बाईला आपल्या हातची भाकरी ओळखू यावी तशी ती त्याला ओळखू आली होती.

पाच वर्षांपूर्वी जफर डेंटिंग-पेंटिंग करायचा. गॅरेज हेच, घाटंजीत, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला सकाळी, ओळखीचा एक ठेकेदार ही गाडी घेऊन आला होता. करीला कुणी नवं काम धरत नाही, पण ठेकेदाराला घाई होती. फेंडर चेपलेला, डावा हेडलाइट फुटलेला, नंबरप्लेट काढलेली. "रोही आडवा आला," ठेकेदार म्हणाला होता. इकडे रोही, म्हणजे नीलगायी, रोजच आडवे येतात. रोह्याच्या धडकेच्या पन्नास गाड्या जफरने सरळ केल्या असतील, आणि प्रत्येकीच्या फटीत राखाडी केस सापडायचेच. या गाडीत एकही केस नव्हता. हेडलाइट काढला तेव्हा आतल्या पत्र्याला गुळासकट चिकटलेले तीळ होते.

तीळ कोणत्या रोह्याच्या अंगावर असतात, हे जफरने विचारलं नाही. शटर अर्धं खाली ओढून त्याने रंग मारला. थिनरच्या वासाने डोकं भणभणायला लागलं म्हणून मागचं दार उघडलं, आणि जिनिंगमधून उडालेला कापूस ओल्या रंगावर येऊन बसला. ठेकेदार खुर्चीत बसून घड्याळ बघत होता. जफरने तसाच वरून क्लिअरचा पारदर्शक थर मारला. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या: घाटंजी रोडवर अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार.

त्यानंतर जफरने रंगाची गन हातात धरली नाही. लोकांना सांगितलं, छातीत भरते. चमकवायचं काम तेवढं ठेवलं. पण चोराच्या मनात चांदणं. गॅरेजसमोर निळी गाडी थांबली की त्याची नजर आधी डाव्या फेंडरवर जायची. लग्नात, बाजारात, अगदी ईदगाहच्या बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांतही तो तंतू शोधायचा आणि सापडला नाही की त्याला सुटल्यासारखं वाटायचं. ती गाडी एक दिवस येणार याची त्याला खात्री होती. ती आज इतक्या गोड पोराच्या हातून येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्याने बादलीत पाणी घेतलं आणि पेपर भिजत घातला. पेपर मऊ पडायला पंधरा मिनिटं लागतात.

"घाई नाई ना तुले?"

"आजच पाह्यजे, चाचा. उद्या संक्रांत. उद्या आईले बसवून आत्याच्या घरी नेतो. बाबा गेले त्याले उद्या पाच वर्ष होते."

जफरचा हात पाण्यातच राहिला.

"कशानं गेले?"

"अ‍ॅक्सिडेंट. इकडंच, रोडवर. आत्याकडं तिळाचे लाडू देयाले चालले होते सायकलनं. कोन्या गाडीनं उडवलं, पत्ताच नाई लागला." रजतने हे सगळं एका सुरात सांगितलं, पुष्कळदा सांगून झालेलं सांगावं तसं. मग रस्त्याकडे बघून त्याचा चेहरा उजळला. "आली पा आई."

ऑटोतून विमलताई उतरल्या. सावळ्या, काटक, हातात कापडी पिशवी. पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर डोकावत होती. गाडी त्यांनी घरी पाहिली होती, पण पूजा चमकवल्यावरच करायची, असं पोराचं म्हणणं.

"तिनं पाच वर्ष झाले कुंकवाले हात लावला नाई," रजत हळूच म्हणाला. "पर गाडीची पूजा तिच्याच हातानं. मंग लोक काई म्हनोत. चाचा, तुम्ही करा काम, म्या चहा सांगून येतो."

तो रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेला. विमलताई गाडीभोवती फिरल्या. बैल विकत घेताना फिरावं तशा, पाठीवर हात टाकत, सावकाश. जफर मनातल्या मनात त्यांची पावलं मोजत होता. डाव्या बाजूला येऊ नयेत असं त्याला फार वाटलं. त्या आल्या.

"हे काय हाये, भाऊ?" त्यांचं बोट बरोबर तिथे टेकलं होतं.

"कचरा हाये, ताई. काढूनच राह्यलो."

त्या वाकल्या. डोळे बारीक करून पाहिलं. मग किंचित हसल्या. "कचरा कायले म्हनता? कापूस हाये हा. जलमभर येचला, मले नाई ओळखू येनार?" त्यांनी नख लावून पाहिलं. नख वरच्या वर घसरलं. "अंदर कसा गेला पन?"

"ओल्या रंगावर उडून बसते. वरतून क्लिअर मारला का अटकते."

विमलताईंनी जिनिंगच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरून, पत्र्यांवरून, विजेच्या तारांवरून कापसाचे पुंजके लोंबत होते. हवेतही उडत होते. "मंग इथंच रंगवली का काय?"

"हो."

"कोनं?"

"म्या."

"अस्सं?" त्यांना गंमत वाटली. "फिरून फिरून गाडी तुमच्याच दारात आली म्हना. कधी रंगवली होती?"

जफरने बादलीकडे पाहिलं. पेपर मऊ पडला होता, पाण्यात अलगद वाकला होता. चार वर्षं, सहा वर्षं, आठवत नाही, काहीही म्हणता आलं असतं. चांगलं धडधाकट खोटं तोंडाशी तयार होतं. बाईंनी ते मान हलवून घेतलंही असतं, आणि उद्या त्या या गाडीत बसून नणंदेकडे गेल्या असत्या, आणि जफर परत प्रत्येक निळ्या गाडीकडे बघत राहिला असता.

"संक्रांतीच्या करीले," तो म्हणाला. "पाच वर्ष झाले."

विमलताईंचं बोट तंतूवरच राहिलं. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं आणि त्याच्यामागचं माणूस निघून गेलं.

"करीले कोनी काम धरत नाई," त्या म्हणाल्या.

"नाई धरत. गाडी चेपून आली होती. रोही आडवा आला म्हने."

"तुमाले खरं वाटलं?"

"नाई." त्याला वाटलं होतं, हे सांगताना आपण पाया पडू, रडू. पण तो नुसता उभा होता, ओले हात लोंबत सोडून. "हेडलाइटच्या फटीत तीळ चिकटले होते, ताई. गुळाचे. म्या पुसले."

विमलताईंनी डोळे मिटले.

"म्याच वळले होते लाडू. एकवीस."

जिनिंगमधलं यंत्र घरघरत होतं. समोर हॉटेलात रजत कुणाशी तरी हसून बोलत होता आणि इकडे हात करून गाडी दाखवत होता.

"गाडी कोनाची होती?"

जफरने नाव सांगितलं. पाच वर्षांत ते नाव त्याने घरातही उच्चारलं नव्हतं. विमलताईंनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, बाजारातून आणायच्या वस्तूचं नाव विसरू नये म्हणून म्हणतात तसं.

रजत चहाचे तीन कप घेऊन आला. "झालं का, चाचा? निंगला का तो पांढरा?"

"राहू दे तो," विमलताई म्हणाल्या.

"अवं पन, सीलंट मारनार हाये न वरतून. मंग सालभर तसाच राहीन."

"राहू दे. आज काईच मारायचं नाई." त्यांनी पिशवीतून कुंकवाची पुडी काढली. ती सावकाश उघडली. रजतने बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी आईने कुंकू हातात घेतलं, एवढंच त्याला दिसलं. विमलताईंनी बोट बुडवलं, पण बोनेटकडे गेल्या नाहीत. डाव्या फेंडरशी वाकून त्यांनी तंतूभोवती एक गोल काढला. नीट, हात न हलवता, पूर्ण.

"फोटो काढ," त्या म्हणाल्या. "तारीख येते न त्याच्यावर?"

"येते न." रजतने फोन बाहेर काढला. "सरक थोडी, आई. गोल दिसला पाह्यजे."

"म्या नाई. या भाऊंले घे फोटोत."

रजत हसला. "चाचाले? या न मंग, चाचा. आमची पहिली गाडी हाये."

जफरने विमलताईंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या फोनकडे बघत होत्या. त्याने ओले हात पॅन्टला पुसले, पुढे आला आणि त्या कुंकवाच्या गोलाशेजारी सरळ उभा राहिला.

"चेहरा दिसू दे त्यांचा," विमलताई पोराला म्हणाल्या.