अर्धवट कोर्स

हर्षिताचे ओठ सोललेल्या टोमॅटोसारखे झाले होते. तिचा बाप, संग्राम, मात्र हॉस्पिटलच्या खोलीच्या दाराकडे डोळे लावून बसला होता. डॉक्टर आत येतील, काही विचारतील, या धसक्यानं.

नऊ वर्षांची पोर. गेल्या आठवड्यात नुसता खोकला होता. इथं अमेरिकेत, चँडलरच्या क्लिनिकमध्ये म्हणाले, व्हायरल असेल, पाणी पाजा, वाट बघा. वाट बघायला आपली माणसं कुठली थांबतात! संग्रामच्या मोठ्या भावाचं, भानुदासचं, नागपूरला मेडिकलचं दुकान. गावी गेलं की दर खेपेला सूटकेसमध्ये तिखटाच्या पुड्यांशेजारी गोळ्यांची पाकिटं भरून तो देणारच. फोनवर डोस ठरला. सल्फाची गोळी चुरून, मधात कालवून, पोरीच्या तोंडात घातली ती रेणूनं. आईनं. तिच्या हातानं.

आणि मग तोंड आतून जळाल्यासारखं झालं. डोळे लाल, पापण्या पुवानं चिकटलेल्या. सकाळी डोळ्यांचा डॉक्टर स्पष्टच बोलून गेला होता: पापणी बुब्बुळाला चिकटली तर नजर जाऊ शकते.

डॉक्टरीणबाई आल्या. "टेस्ट पॉझिटिव्ह आहे. मायकोप्लाझ्मा. हा जंतू फुफ्फुसात शिरतो, पण काही मुलांचं शरीर त्याच्याशी लढता लढता स्वतःचंच तोंड, डोळे, कातडी जाळून घेतं. पण अगदी असंच एखाद्या औषधानंही होतं. मला नक्की कळायला हवं. घरी काही दिलं होतं?"

"फक्त तापाचं सिरप," संग्राम म्हणाला.

"बाकी काही नाही?"

"नथिंग."

बाईंनी रेणूकडे पाहिलं. रेणूला इंग्रजी बोलायला जड जायचं, पण कळत सगळं होतं. संग्रामचा हात तिच्या खांद्यावर आला. बघणाऱ्याला वाटावं, धीर देतोय. बोटं रुतली ती रेणूलाच कळली.

बाई गेल्या तशी ती फुटली. "सांगितलं का नाहीस?"

"वेडी झालीस का? प्रिस्क्रिप्शन नसताना अँटिबायोटिक दिलं म्हणून सांगू? हे लोक सरळ पोरं काढून नेणाऱ्या चाइल्ड सर्व्हिसला फोन लावतात. माझा व्हिसा कंपनीवर, तुझा माझ्यावर. एकदा फाइल उघडली ना, की ग्रीन कार्डच्या रांगेतून बाहेर. मग काय, दादाच्या काउंटरवर बसून खोकल्याची बाटली विकू?"

"तिचे डोळे जातील, संग्राम."

"जंतू सापडला ना? मग जंतूचंच आहे हे. विषय संपला यार."

संग्राम वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर रेणूनं कधीच आरडाओरडा केला असता. पण पोरीच्या उशाशी रात्र रात्र बसणारा हा माणूस एका शिक्क्याला इतका भ्यायलेला होता, की त्या भीतीत त्याला पोरगीसुद्धा दिसेना. अन् रेणूचं काय? गाडी त्याच्या नावाची, बँक त्याच्या नावाची, या देशात तिनं श्वास घ्यायचा तोही त्याच्या नोकरीच्या भरवशावर.

"मम्मी," हर्षिता ओठ न हलवता म्हणाली, "आय कान्ट ओपन माय आइज."

संग्राम उठला. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "दोन राहिल्यात. दादानं बजावलंय, कोर्स अर्धवट सोडला की जंतू दुप्पट चेकाळतो. ट्रेमधल्या त्या ॲपल सॉसमध्ये कालवून दे."

"इथं? अजून एक?"

"हळू बोल ना!" गोळी चमच्याखाली कडकन फुटली.

रेणूनं त्याचं मनगट धरलं. आठ वर्षांच्या अमेरिकेत तिनं त्याला असं कधी अडवलं नव्हतं. दुसऱ्या हातानं तिनं पलंगाला लटकलेलं लाल बटण दाबलं, आणि नर्स येईपर्यंत दाबूनच धरलं.

"वी गेव्ह धिस," त्याच्या हातातलं पाकीट ओढून नर्सपुढे करत ती म्हणाली. मग थांबली. "आय. आय गेव्ह."

"रेणू!" संग्राम एवढंच म्हणाला.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. पाकीट वाचलं, शेवटची गोळी कधी दिली ते विचारलं, नर्सला भराभर सूचना दिल्या. "जंतूचंही असेल, याचंही असेल, दोन्हींचंही असेल. पण हे औषध तिला पुन्हा आयुष्यात द्यायचं नाही. सांगितलंत ते बरं केलंत." मग त्या संग्रामकडे वळल्या. "सोशल वर्करला बोलवावं लागेल. गोळी दिलीत म्हणून नाही. मी तोंडावर विचारलं आणि तुम्ही खोटं बोललात, म्हणून."

म्हणजे संग्राम ज्याला भीत होता ते त्यानं स्वतःच ओढवून आणलं होतं.

दुपारी सोशल वर्कर बाई आली. गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊ. तिनं संग्रामला बाहेर थांबायला सांगितलं. तो काचेच्या दारापलीकडे उभा राहिला. आतलं ऐकू येत नव्हतं, म्हणून रेणूच्या ओठांकडे टक लावून.

फोनवरच्या दुभाष्यानं प्रश्न मराठीत सांगितला, "ताई, घरी तुम्हाला मोकळेपणानं बोलता येतं का?"

हो म्हणावं तर मघाशी डॉक्टरीणबाईंसमोर धाकानं गप्प बसलेली रेणू खोटी. नाही म्हणावं तर फाइल उघडणार, काचेपलीकडच्या माणसाचा व्हिसा जाणार, आणि त्याच्यामागोमाग तीही देशाबाहेर, पोरीसकट.

पलंगावर नर्स हर्षिताच्या पापण्या थेंब थेंब औषधानं सोडवत होती. पोर किंचाळली. रेणूनं तिचा हात धरला, खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली आणि म्हणाली, "नाही."