कढीपत्त्यावर धरलेले भिंग

मित्रांनो, मी एक जुने, घडीचे, पितळी भिंग आहे. माझा मुक्काम सध्या आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला, एका स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. माझ्या कडेचा एक टवका उडाला आहे आणि माझी घडी उघडताना कुरकुरते. तरीही माझ्यातून पाहिले तर मुंगीच्या मिशासुद्धा दिसतात. मला याचा फार गर्व होता. 'होता' म्हणतो, कारण आता सांगणार आहे त्या गोष्टीत मी सगळे काही अगदी जवळून पाहिले आणि मला काडीचेही कळले नाही.

अंबाल्याच्या एका कारखान्यात माझी काच घासली गेली. तिथून फिरत फिरत मी तासगावच्या गुरुनाथरावांच्या हाती आलो. ते द्राक्षबागांचे सल्लागार. त्यांनी मला काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातले आणि मोटारसायकलवरून आम्ही दोघांनी बागाच बागा पालथ्या घातल्या. पान उलटे करायचे, मला त्यावर धरायचे आणि भुरीचा रोग पडला आहे की दावण्याचा, ते सांगायचे. शेतकरी म्हणत, "साहेबांच्या गळ्यातली काच खोटं बोलत नाही." हे ऐकून माझी छाती फुगायची.

गुरुनाथरावांची एक सवय मात्र मला मुळीच आवडत नसे. बागेत शिरण्याआधी ते बांधावर नुसतेच उभे राहायचे. कपाळावर हात आडवा धरून सगळी बाग लांबून न्याहाळायचे, चपलेच्या टोकाने माती उकरायचे, मालकाशी इकडचे तिकडचे बोलायचे आणि मग कुठे माझी घडी उघडायचे. एवढी चांगली काच गळ्यात असताना हा माणूस लांबून काय बघतो, हे कोडे मला कधी सुटले नाही.

पुढे ते निवृत्त झाले आणि मी टेबलाच्या खणात गेलो. तिथे माझ्या सोबतीला गंजलेल्या किल्ल्या आणि शर्टाची बटणे होती. वर्षे गेली. मग एक दिवस त्यांच्या पत्नी सरिताबाई यांनी मला बाहेर काढले. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे त्यांना दिसत नव्हती. तेव्हापासून मी त्यांच्या पर्समध्ये राहू लागलो. फेब्रुवारी २०२० संपता संपता त्या लेकीकडे आयर्लंडला आल्या, तेव्हा मीही आलो. गुरुनाथरावांनी फोनवर विचारले, "माझी काच तिकडं गेली होय? बरं असू दे. उन्हाळा काढून आणशील की परत."

उन्हाळा काढून! मित्रांनो, तुम्हाला ते दिवस आठवतच असतील. विमाने थांबली, दारे बंद झाली. सरिताबाई इकडे अडकल्या आणि गुरुनाथराव तासगावात एकटे राहिले. घरी लेक विभावरी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून काम करायची. जावई राजीव औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याला कामावर जावेच लागे. नात कौमुदी हिला मराठी सगळे समजे, पण उत्तर द्यायची ती तिथल्या इंग्रजीत. आजीने काही विचारले की, "ग्रँड, आजी, इट्स ग्रँड!" तिकडे 'छान चाललंय' असेच म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात डब्लिनच्याच सँट्री भागात राहणाऱ्या श्रावणी नावाच्या मैत्रिणीने विभावरीला कढीपत्त्याचे एक रोप दिले. सरिताबाईंना केवढा आनंद झाला! त्यांच्या तासगावच्या परसातही कढीपत्ता होता. त्यांनी फोन रोपासमोर धरला. गुरुनाथराव हसून म्हणाले, "मी इकडं एकटा, ते तिकडं एकटं. त्याला जपलंस म्हणजे मला जपल्यासारखंच आहे बघ."

बोलणाऱ्याने गमतीत म्हटले, पण ऐकणारीच्या मनात ते रुतून बसले. त्या दिवसापासून सरिताबाई सकाळी आधी रोपाला हात लावायच्या आणि मग चहाला. रोप टवटवीत असले की त्या म्हणत, "तिकडे ठीक आहे."

हिवाळा आला. तिथला हिवाळा म्हणजे दुपारीच दिवेलागण. उजेड कमी पडू नये म्हणून राजीवने खिडकीत जांभळ्या उजेडाचा दिवा बसवला. आणि थोड्याच दिवसांत पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. काही पानांची टोके करपली, काही गळून पडली. सरिताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला पर्समधून काढले आणि माझे जुने दिवस परत आले असे मला वाटले.

राजीवने मला पानावर धरले आणि जाहीर केले, "मॅग्नेशियम कमी आहे."

विभावरी म्हणाली, "टोकं बघ ना. खत जास्त झालंय."

कौमुदीला एक बारीक ठिपका दिसला. तिच्या मते तो किडा होता. मला विचाराल तर तिघेही बरोबर होते, कारण माझ्यातून तिघांनाही हवे ते दिसत होते. मीच गोंधळून गेलो. द्राक्षाच्या पानावर भुरी ओळखणारा मी, पण हे काय आहे ते मला सांगता येईना.

राजीव इंटरनेटवर शोधू लागला. घरात, दिव्याखाली वाढवलेल्या झाडांच्या पानांची एवढी बारीक चिकित्सा केलेली त्याला एकाच ठिकाणी सापडली. पिवळ्या पानाचे फोटो, करपलेल्या टोकाचे फोटो, वळलेल्या पानाचे फोटो आणि प्रत्येकाखाली पाच जणांची पाच मते. तो भक्तिभावाने वाचू लागला. सरिताबाईंनी विचारले, "कोण हो हे लोक? भले दिसतात."

"गांजा लावणारे आहेत, आई. घरात, चोरून."

"अगं बाई! आमच्या घरात महाशिवरात्रीलासुद्धा कुणी भांगेला शिवलं नाही, आणि माझ्या कढीपत्त्याला गंजेड्यांचं औषध?"

"झाड ते झाडच ना, आई," राजीव म्हणाला.

पण तेवढ्यावर थांबले तर कसले! शेजारच्या नोराबाई एकदा भिंतीपलीकडून विभावरीला म्हणाल्या, "तुमच्या खिडकीतला जांभळा उजेड फार छान दिसतो हं. मी काही पाहिलेलं नाही." आणि त्यांनी डोळा मिचकावला. विभावरीला आधी काही कळले नाही. कळले तेव्हा ती लालबुंद झाली. धावत आत येऊन तिने एक पान तोडले आणि नोराबाईंच्या नाकाशी धरले. नोराबाईंनी वास घेतला आणि जरा निराशच होऊन म्हणाल्या, "एवढंच? मग एवढा थाट कशाला?" नंतर त्यांनी स्वतः भाजलेला सोडा ब्रेड पाठवला आणि त्याची कृतीही सांगितली. तो ब्रेड ताक घालून करतात. तेव्हापासून घरातल्या फ्रिजमध्ये ताकाचा खोका कायमचा आला.

शेवटी गुरुनाथरावांना विचारायचे ठरले. रोज संध्याकाळी सरिताबाई एका हाताने पान धरायच्या, दुसऱ्या हाताने मला, आणि कौमुदी फोन माझ्याजवळ आणायची. तिकडे गुरुनाथराव डोळे बारीक करायचे. "पान काळं दिसतंय गं."

"काळं नाही हो, पिवळं आहे. दिव्यामुळे तसं दिसतंय."

"मग दिवा घालव की."

दिवा घालवला की सगळाच अंधार. असे हिवाळाभर चालले. अखेर एकदा अंदाजानेच ते म्हणाले, "लोह कमी पडलं असंल. घोटभर आंबट ताक घाल बुडात."

कढीपत्त्याला ताक घालावे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. सरिताबाईंनी सकाळी, कुणी उठायच्या आत, ताक घातले. मी खिडकीतच होतो, म्हणून मला पुढचेही दिसले. दुपारी विभावरी आली, दबकत, कारण राजीवला असले घरगुती उपाय आवडत नसत. तिनेही ताक घातले. संध्याकाळी राजीव आला आणि त्याने मॅग्नेशियमचे पाणी घातले. विभावरीला खताचे नाव काढलेले चालत नसे, म्हणून तोही गुपचूप. आणि शाळा बंद असल्याने कंटाळलेली कौमुदी येता जाता आपल्या पेल्यातले उरलेले पाणी ओतायची. हे असे रोज चालले. प्रत्येक जण प्रेमानेच ओतत होता आणि दुसऱ्याला कळू देत नव्हता. कुंडी होती शोभेची, तिला खाली भोकच नव्हते. ताक एवढ्या लवकर कसे संपते, असा प्रश्न घरात सगळ्यांना पडे आणि दुसऱ्या कुणीतरी ब्रेड केला असेल, असे समजून प्रत्येक जण गप्प बसे.

मित्रांनो, मी हे ओरडून सांगितले असते, पण भिंगाला तोंड नसते. आणि खरे सांगायचे तर, कुंडीत काय चालले आहे हे मलाही तेव्हा उमगले नव्हते. मी पानाकडेच बघत होतो.

एप्रिल २०२१ मध्ये फोनवर गुरुनाथराव खोकले. सरिताबाईंनी विचारले, तर म्हणाले, "घसा बसलाय." दोन दिवसांनी त्यांना मिरजेच्या दवाखान्यात न्यावे लागले. घरातला सगळा आवाजच बदलला. विभावरी एका फोनवर, राजीव दुसऱ्या फोनवर. ऑक्सिजन किती, खाट मिळाली का, सोबत कोण आहे? सोबत कुणीच नव्हते, कुणाला आत सोडत नव्हते.

त्याच आठवड्यात रोपाला मोजकीच पाने उरली. सरिताबाईंनी हात लावला तर त्यातलेही एक हातात आले. त्या किती वेळ ते पान धरून उभ्या होत्या! मग एकदम म्हणाल्या, "मला नाही बघवत." त्यांनी कुंडी उचलली आणि पुढच्या दाराजवळच्या काचेच्या पडवीत कोपऱ्यात नेऊन ठेवली. कुंडी एका अंगाला कलंडली, तरी त्यांनी ती सरळ केली नाही. त्यांच्या हातात होतो म्हणून मीही तिकडे गेलो आणि कुंडीशेजारी पडून राहिलो.

विभावरी म्हणाली, "आई, बाबांचा आणि या झाडाचा काय संबंध?"

"काही नाही. मला ठाऊक आहे, काही नाही," असे म्हणून सरिताबाई रडू लागल्या.

आता पडवीत आम्ही दोघेच होतो. कलंडलेल्या कुंडीतून आंबूस वासाचे पाणी हळूहळू फरशीवर उतरले. जांभळा दिवा नव्हता. वसंत ऋतूचे साधे ऊन काचेतून येई. कुणी ताक आणले नाही, औषध आणले नाही, पाणीसुद्धा नाही. कुणाला आमची आठवणच नव्हती. मला वाटले, आता हे संपले. पानाच्या देठाशी काहीतरी लालसर दिसत होते, तेही मला नवा रोगच वाटला. सवयीचा परिणाम, दुसरे काय!

गुरुनाथराव घरी आले तेव्हा मे महिना बराच सरला होता. फोन आला आणि घरात हसणे, रडणे, सगळे एकदम सुरू झाले. त्या आनंदात कौमुदी उड्या मारत पडवीत आली आणि थबकली. "आजी! कम हिअर! क्विक!"

सरिताबाई आल्या. तो लालसर रोग नव्हता, कोंब होता. एक नव्हे, तीन ठिकाणी फुटले होते.

"पण कुणी काय घातलं याला?" राजीवने विचारले.

"मी काही नाही. मी तर ताक घालणंसुद्धा बंद केलं होतं," विभावरीच्या तोंडून निसटले.

"तू ताक घालत होतीस? मी घालत होते की!" सरिताबाई म्हणाल्या.

राजीव खाली मान घालून म्हणाला, "मी मॅग्नेशियम." कौमुदीने आपला पेला पाठीमागे लपवला. मग सरिताबाईच म्हणाल्या, "अति तेथे माती. बिचाऱ्याला बुडवत होतो की आपण!"

संध्याकाळी त्यांनी गुरुनाथरावांना फोन लावला. सवयीने कोंब पुढे केला, त्यावर मला धरले आणि माझ्यावर फोन. सगळी हकीकत सांगितली. पलीकडे गुरुनाथराव किती वाळले होते! त्यांना हसू आले, पण दम लागला. मग सावकाश म्हणाले, "माझंपण तसंच झालंय. शेजारणी काढे पाठवतात, ह्यो हळदीचं दूध आणतो, त्यो वाफ घ्या म्हणतो. फोन केला की समदे ऑक्सिजनचा आकडा विचारतात. मला काय पाहिजे, ते कुणी विचारत नाही."

"काय पाहिजे हो तुम्हाला?"

"ती काच बाजूला ठेव. हिवाळाभर मी नुसती पानं बघतोय आणि तुझी बोटं. फोन लांब धर जरा. तू दिसायला पाहिजेस."

सरिताबाईंनी मला खिडकीत ठेवले. कौमुदीच्या हाती फोन देऊन त्या मागे सरकल्या, आणखी मागे, भिंतीला टेकेपर्यंत. केस सारखे केले. गुरुनाथरावांनी कपाळावर हात आडवा धरला, बांधावर उभे राहून बागेकडे बघायचे तसा, आणि बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वाळलीस गं."

त्या वर्षी दिवाळीआधी सरिताबाई तासगावला परत गेल्या. निघण्यापूर्वी त्यांनी फोनवर विचारले होते, "तुमची काच आणू ना?"

"काच राहू दे तिकडं. तू ये," ते म्हणाले होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला पुसा, जपा, विसरू नका. मी तसे म्हणणार नाही. ज्याला जपायचे आहे त्याच्या बुडाशी काही ओतण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा, आणि बोलता येत असेल तर त्यालाही विचारा. भिंग नंतर काढा. कढीपत्ता आता भोकाच्या कुंडीत आहे आणि खिडकीच्या वर गेला आहे. माझ्यावर थोडी धूळ बसली आहे. कुणी पुसली नाही तरी माझी काही तक्रार नाही.