दोन्ही चाकं हवेत

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की हळव्या होतात. मीही होईन, पण नंतर. आधी मला रागावू द्या.

माझा जन्म फ्रान्समधला. एका लहानशा कारखान्यात, कपाळावर काळा चष्मा चढवलेल्या कारागिराने पोलादी नळ्या पितळेने जोडून मला उभं केलं. माझी फ्रेम पुढून मागे तिरकी उतरत गेलेली, म्हणजे झगा घातलेल्या बाईलाही सहज बसता यावं. रंग पिकल्या जांभळाचा. मला विकत घेतलं मार्गोने. ही अमेरिकेतून फ्रेंच शिकायला आलेली एक ठेंगणी, बडबडी मुलगी.

तिने मला जे रस्ते दाखवले ते अजून माझ्या टायरांत आहेत. कधीकाळी तिथे रेल्वे धावायची. रूळ उखडून त्या जागी सायकलींसाठी गुळगुळीत वाट केलेली होती, आणि मोटारींना तिथे सक्त मनाई. दोन्ही बाजूंना ओक आणि चेस्टनटचं जंगल. झाडी मधेच संपायची आणि समोर यायची एखादी जुनी दगडी गढी, भोवती खंदक, वर टोकदार निळी छपरं. पुढे कालवा, कालव्याच्या काठी दगडी घाट, जिथे पूर्वी गावच्या बायका कपडे धूत आणि एकमेकींची उणीदुणी काढत. रेल्वेच्या ओसाड स्टेशनात आता कॉफी मिळायची. मार्गो माझ्या कॅरियरवर लांबलचक पाव बांधायची आणि मोठमोठ्याने चुकीचं फ्रेंच बोलत निघायची. चुका काढायला फक्त कोल्हे होते.

शिक्षण संपल्यावर तिने मला खोक्यात घालून अमेरिकेत आणलं. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये ती शाळेत फ्रेंच शिकवू लागली. मला वाटलं, संपलं आपलं फिरणं. पण तिच्या घरामागेच राखीव जंगल होतं, आणि तळ्याभोवती वळणं घेत जाणारी डांबरी वाट. तिथेही मोटार नाही. हरणं होती, बगळे होते, ऑक्टोबरात मेपलच्या पानांचा असा लाल सडा पडायचा की ब्रेक लावताना जीव मुठीत धरावा लागे. तिथून जवळच्या एका गावाचं नावसुद्धा फ्रेंच, कारण फार पूर्वी फ्रेंच व्यापारी खांद्यावर होड्या घेऊन याच मुलखातून गेले होते. आजकाल लोक त्या नावाचा असा उच्चार करतात की मार्गो दर वेळी कपाळाला हात लावायची.

पुढे तिचे गुडघे थकले. बहिणीकडे राहायला जाताना तिने मला शेजारच्या यतीनला देऊन टाकलं. "हिला जंगलात फिरव," एवढंच ती म्हणाली.

"शुअर, शुअर!" यतीन म्हणाला आणि माझ्यावर हात फिरवत बायकोला हाक मारली, "राधिका, बघ तरी! काय क्लासिक पीस आहे, यार!"

माझा राग इथून सुरू होतो.

यतीन पुण्याचा, कंप्युटरवर काम करणारा, आणि मनाने चांगला माणूस आहे. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसांवर कोणीही रागावू शकतं. त्याने मला बेसमेंटमध्ये नेलं आणि एका लोखंडी स्टँडमध्ये जखडलं. मागचं चाक उचलून एका फिरत्या लोखंडी रुळावर दाबून बसवलं. पुढचं चाक प्लॅस्टिकच्या ठोकळ्याच्या खाचेत. दोन्ही चाकं हवेत! समोर भिंतीएवढा पडदा लावला, आणि त्या पडद्यावर काय दिसावं? फ्रान्स. माझंच जंगल, माझ्याच गढ्या, माझाच कालवा.

मित्रांनो, कल्पना करा. तुम्हाला खुर्चीला बांधून कोणी तुमच्याच घराचा सिनेमा दाखवला तर? पेडल मारलं की पडद्यावर झाडं यायची आणि जायची, पण एकाही झाडाला वास नव्हता. वारा म्हणून एक टेबल फॅन लावला होता. आणि खरं जंगल बेसमेंटच्या खिडकीतून दिसत होतं, कुंपणाच्या पलीकडे!

काही आठवडे यतीनने घाम गाळला. मग कामं वाढली आणि माझ्या हँडलवर ओले टॉवेल आले. पाठोपाठ मोजे, स्वेटर. यतीनचा जुना मित्र केदार एकदा खाली आला आणि म्हणाला, "अरे वा यत्या, छान आहे दोरी. कितीला पडली?"

मला वाचवलं आश्लेषाने. ती यतीन आणि राधिकाची मुलगी, पाचवीत शिकते. तिने टॉवेल काढून सोफ्यावर फेकले, सीट खाली केली आणि पेडल मारू लागली. शाळेतल्या भांडणांपासून दुखऱ्या दातापर्यंत सगळं ती मला सांगायची. तिच्या पायांचं ओझं चिमणीएवढं होतं, पण किती दिवसांनी कोणी माझ्याशी बोलत होतं!

एकदा तिने विचारलं, "बाबा, कॅन आय टेक हर आउट?"

"बाहेर कशाला, राणी? बाहेर ट्रॅफिक असतं. इथे बघ, एक तरी कार दिसते का? नुसतं जंगल!"

माझी घंटी आपण होऊन वाजत नाही. वाजली असती तर त्या दिवशी तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

आश्लेषा एकेक लेव्हल चढत गेली. पडद्यावर पदकं चमकायची आणि यतीन चारचौघांत सांगायचा, "आमच्या मुलीने अख्खा फ्रान्स सायकलवर पालथा घातला." तिलाही ते खरंच वाटत होतं. म्हणून शाळेत बाईंनी सांगितलं की पाचवीची मुलं तळ्याभोवतीच्या वाटेवर सायकलने सहलीला जाणार आहेत, आणि कोणाकोणाला सायकल येते असं विचारलं, तेव्हा पहिला हात तिचा वर गेला.

सहलीच्या आधीच्या शनिवारी घरात दसरा होता. खरा दसरा होऊन गेला होता, पण अमेरिकेत सण शनिवारची वाट बघतात. राधिकाने शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावरून, डेव्हन ॲव्हेन्यूवरून, झेंडूची फुलं आणली होती. रेशमी साडी नेसून तिने लॅपटॉपची पूजा केली, मिक्सरची केली, गाडीची केली आणि ताट घेऊन, सणाला आलेल्या केदारसह सगळ्यांना घेऊन खाली आली. मला हळदकुंकू लावलं, हँडलला माळ घातली.

कैद्याच्या गळ्यात हार! मी आतल्या आत धुमसत होते.

"लिंबू ठेव गं चाकाखाली," राधिका आश्लेषाला म्हणाली. त्यांच्याकडे पूजा झाली की वाहन लिंबावरून पुढे नेतात. लिंबू फुटलं की पूजा पूर्ण.

आश्लेषा लिंबू घेऊन वाकली. पुढे गेली, मागे गेली. मग तिने मान वर केली.

"पण आई, कुठल्या चाकाखाली? दोन्ही हवेत आहेत."

मग केदारला हसू आवरेना. "यत्या, तू सायकलला सुळावर चढवलंयस लेका, आणि वर तिची पूजा!"

"हसताय काय भावजी," राधिका म्हणाली. "यतीन, काढ तिला. लिंबू फुटल्याशिवाय मी ताट वर नेणार नाही."

"अगं, नुसतं टेकवलं तरी..."

"काढ."

यतीनने मला सोडवलं. टायरांत हवा भरली, साखळीला तेल दिलं, उचलून दारापुढच्या उतारावर ठेवलं. माझी चाकं जमिनीला टेकली आणि, मित्रांनो, इथे मी जरा हळवी झाले. लिंबू फटकन फुटलं. आश्लेषा टाळ्या वाजवत माझ्यावर चढली. "वॉच मी, केदारकाका!"

तिने पहिलं पेडल मारलं, दुसरं मारलं. मी डावीकडे कलले. पडायला लागलं की हँडल त्याच बाजूला वळवायचं असतं, पण हे तिला माहीतच नव्हतं. माहीत होणार कसं? त्या खाचेत माझं चाक कधी वळलंच नव्हतं. आम्ही दोघी धाडकन आडव्या झालो. तिच्या हनुवटीतून रक्त आलं.

यतीन धावला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि आवाज चढला होता. "बघितलंस? म्हणूनच मी बाहेर नको म्हणत होतो! ही सायकल मी उद्याच ऑनलाइन टाकतो, कोणीही घेऊन जाऊ दे. आपण चाकं नसलेलं मशीन आणू. आणि ती सहल कॅन्सल!"

आश्लेषा रडत नव्हती. ती संतापली होती. "यू सेड आय वॉज लेव्हल ट्वेल्व्ह! सगळ्यांना सांगितलंस तू. बाबा, आय कान्ट इव्हन राइड अ बाइक!"



त्या क्षणी मला माझाच राग लहान वाटला. मला नुसतं कोंडलं होतं. या पोरीला तर फसवलं होतं, आणि तेही प्रेमाने.

राधिकाने तिची हनुवटी पुसली, पट्टी लावली. मग साडीचा पदर खोचला आणि माझी सीट मागून घट्ट धरली. "सहल कॅन्सल नाही आणि सायकल कुठे जात नाही. शनिवार होऊ दे, मग बघू. बस गं."

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ती माय माझ्यामागे धावली. कधी ऑफिसच्या कपड्यांत, एकदा तर स्वयंपाकाचा झारा हातात घेऊन. "खाली नको बघूस, पुढे बघ! आई गं, माझी पाठ! थांबू नकोस, मार पेडल!" आश्लेषा पडली, उठली, मला लाथ मारली, मग सॉरी म्हणाली. यतीन गॅरेजच्या दारात उभा राहून बघायचा. तो जवळ येत नसे, पण रोज काहीतरी आणायचा. गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड, हेल्मेटला दिवा.

"बाबा, आय लुक लाइक अ सोफा," आश्लेषा म्हणाली.

शुक्रवारी ती एकटी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. वळताना अजून डगमगत होती. तेवढ्यावर यतीनने जाहीर केलं, "ठीक आहे, जाऊ दे तिला. पण मी गाडी घेऊन मागे मागे येणार."

आणि तो खरंच आला. शनिवारी सकाळी पाचवीची मुलं सायकलींवरून निघाली, सगळ्यांत शेवटी आश्लेषा आणि मी, आणि आमच्यामागे धोक्याचे दिवे लावून बैलगाडीच्या वेगाने येणारा यतीन. मुलं खिदळत होती. आश्लेषाचे कान लाल झाले होते.

जंगलाच्या तोंडाशी वाटेच्या मधोमध एक पिवळा लोखंडी खांब रोवलेला आहे. मुलं त्याच्या दोन्ही बाजूंनी आत गेली. यतीनने करकचून ब्रेक लावला आणि काच खाली केली.

"सर, नो कार्स इन हिअर," बाई हसून म्हणाल्या.

एक तरी कार दिसते का, नुसतं जंगल! वर्षभर हेच तर तो अभिमानाने सांगत होता. तो गाडीतून उतरला.

"आशू, थांब. मला पुढे येता येत नाहीये."

"आय नो, बाबा."

"मग? आत कुठे पडलीस तर?"

आश्लेषाने क्षणभर विचार केला. "देन आय विल बी लेट," ती म्हणाली आणि तिने पेडल मारलं.

आत लाल पानांचा सडा होता. ओल्या मातीचा वास होता. पहिल्याच वळणावर आम्ही गवताकडे कललो, तिच्या हातांनी हँडल त्याच बाजूला वळवलं, आणि आम्ही सरळ झालो. मग ती गाऊ लागली. शब्द कसलेच नव्हते. तळ्याभोवती ती एकदा पडली, शेवाळ्यावर. एका मुलाने तिला हात दिला आणि तिने तो घेतला नाही.

आम्हाला उशीर झालाच. बाकीची मुलं केव्हाच पोचली होती. यतीन त्या खांबापाशीच उभा होता, गाडीचं दार उघडं टाकून, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. आम्ही त्याच्या पुढून गेलो. तो आमच्यामागे थोडंसं पळाला, बस.

माझा राग गेला का? नाही, मित्रांनो. तुमच्या गॅरेजात, बेसमेंटात, गच्चीवर माझ्या कितीतरी बहिणी भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत, आणि त्यांच्यावर कपडे वाळत आहेत. आजच जा आणि त्यांना बाहेर काढा. हवा भरा, तेल घाला, ब्रेक तपासा. जिथे मोटारी जात नाहीत अशी एखादी वाट तुमच्याही गावात असेल. नसेल तर मोठ्यांच्या मागे लागून मागून घ्या. त्या वाटेच्या तोंडाशी आई-बाबांना उभं करा आणि आत जा. ते घाबरतील. घाबरू द्या. तिथे उभं राहणं त्यांनाही शिकावं लागतं, आणि ते शिकवणारं मशीन अजून कोणी बनवलेलं नाही.